मामांसाठी प्रार्थना

मी मंडळीत वडील आहे आणि घरातही वडील आहे. मंडळी म्हणजे आमचं चर्च. बाहेरच्यांना हा शब्द ऐकून मी बायकोबद्दल बोलतोय असं वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. मंडळीतलं वडीलपण, म्हणजे तिचा कारभार बघणं, निवडणुकीनं मिळतं, लोक हात वर करून मत देतात. घरात तशी पद्धत नाही हे माझं नशीब. गेल्या वर्षी घरात मतदान झालं असतं, तर माझं डिपॉझिट जप्त झालं असतं.

त्याचं कारण आमची कन्या. वय सोळा. एका रविवारी जेवताना तिनं शांतपणे जाहीर केलं की ती यापुढे मंडळीच्या तरुण संघाच्या सभेला येणार नाही, आणि उपासनेला यायचं की नाही तेही बघणार आहे.

"का गं?" मी विचारलं.

"मला जे जे आवडतं ते सगळं तिथे जगिक असतं," ती म्हणाली आणि पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला.

जगिक हा आमच्याकडचा फार उपयोगी शब्द आहे. सिनेमा जगिक, पत्ते जगिक, केसांचा रंग जगिक, फार मोठ्यानं हसणंही थोडंसं जगिक. जगिक म्हणजे नेमकं काय, हे कुणी ठरवलेलं नाही, त्यामुळे तो कुठेही लावता येतो. मी स्वतः तो बऱ्याच ठिकाणी लावलेला आहे. त्या दिवशी मात्र मी नुसतं "आपण यावर बोलू" म्हणालो. आमच्या घरात "आपण बोलू" याचा अर्थ मी बोलणार असा होतो, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. ती उठून गेली.

तेव्हापासून तिचं माझ्याशी बोलणं "हो", "नाही" आणि "जेवले" या तीन शब्दांवर आलं. पूर्वी ती शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसंच ठेवून अर्धा तास बोलायची. कोण कुणाला काय म्हणालं, मग ती काय म्हणाली, मग सगळे कसे गप्प बसले. मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "हं, हं" करायचो. ते बंद झाल्यावर मला कळलं की मी ते सगळं ऐकत होतो. पोरगी घरात असून घर रिकामं वाटायला लागलं. मला त्याचा फार त्रास व्हायचा आणि तो कुणाला सांगताही येत नव्हता.

म्हणून मी एक योजना आखली. तरुण संघात आपणच एक भाषण द्यायचं. विषय, 'विश्वास आणि आजची करमणूक'. कन्या ज्या मालिकेवर जीव टाकते तिच्यातलाच एक तीन मिनिटांचा तुकडा भिंतीवर दाखवायचा आणि त्यावर असं काही बोलायचं की शेवटच्या रांगेतली पोरंसुद्धा मोबाइल खिशात ठेवतील. कन्येला कुणाकडून तरी कळेल की आपले पप्पा अगदीच हे नाहीत, आणि ती परत येईल.

"त्यापेक्षा एकदा तिच्या शेजारी बसून ती मालिका बघा ना," बायको म्हणाली.

बायको कधीकधी फारच साधं काहीतरी सुचवते. मी तिला समजावलं की प्रश्न एका मालिकेचा नसून पिढीचा आहे. ती "बरं" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

भाषण करायचं तर मालिका बघायला हवी, आणि कन्येकडे मागायची सोय नव्हती. मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. आमच्या मंडळीचे नव्हेत, कुठल्याच मंडळीचे नव्हेत. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे सल्ला तयार असतो.

"मामा बघायचाय? बघा की," ते म्हणाले. मालिकेला कुणी तिच्या नावानं ओळखत नाही, सगळे 'मामा' म्हणतात. "पण पहिल्या भागापासून. मध्येच घुसलात तर मामा नुसता चोर वाटेल. आणि एकटे बघू नका. आमची ही तिसऱ्या भागाला इतकी रडली की शेजाऱ्यांनी बेल वाजवली."

"आम्हीच शेजारी," मी म्हणालो.

"हो, तुम्हीच आला होता," काका म्हणाले आणि त्यांनी आपला पासवर्ड दिला.

आता बघायचं कुठे? घरी कन्या. मी एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. तपासणीची खोली आतल्या बाजूला आहे, अंधारी आणि शांत. समोरच्या भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. जेवणाच्या सुट्टीत मी रुग्णाच्या खुर्चीत बसून, अभ्यास म्हणून, मोबाइलवर पहिला भाग लावला.

गोष्ट साधी होती. मामा हा टकला, जाडजूड माणूस, तरुणपणी चोऱ्या केलेला. बहीण आणि मेहुणा अपघातात जातात आणि त्यांची दोन मुलं याच्या पदरात पडतात. त्याला वेणीसुद्धा घालता येत नाही. गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज टाकून तो मुलांना वाढवतो आणि जुना भागीदार त्याला परत चोरीत ओढायला बघतो. मी वहीत 'चोरीचं उदात्तीकरण' असं लिहिलं. मग मामानं भाचीची वेणी घालायला शिकण्यासाठी गॅरेजमधली वायर तीन पदरांत विणून बघितली, आणि मी वही मिटली.

पुढे काय झालं ते सांगायला नको. एकदा सुट्टी संपल्याचं मला कळलंच नाही. एक बाई आत आल्या आणि माझे डोळे बघून दारातच थांबल्या.

"तुमच्याच डोळ्यांना पाणी येतंय," त्या म्हणाल्या. "मी मग पुढच्या दुकानात बघते."

भाषण तयार झालं, तीन मिनिटांचा तुकडा निवडला, तसा मी आमच्या सेक्रेटरींकडे परवानगीसाठी गेलो. सेक्रेटरी म्हणजे मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठा खात्यात काढली आणि तिथे वरच्या सहीशिवाय एकही नळ सोडला नाही. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हॉलच्या भिंतीवर काही दाखवायचं तर ते आधी उपसमितीनं पाहिलं पाहिजे. असा ठराव आहे."

"कुठली उपसमिती?"

"ती नेमावी लागेल."

ती नेमली. ते स्वतः, मी, आणि मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मंडळीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय आणि उरलेल्यांना त्यांनी शिकवायला हवं होतं असं त्यांचं मत आहे. शनिवारी दुपारी पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्रींच्या, कपडे बदलायच्या खोलीत, झग्यांच्या कपाटाशेजारी, आम्ही तिघं बसलो. सेक्रेटरींनी प्रार्थनेनं सभा सुरू केली. मी तुकडा दाखवला.

मोठ्या बाई पुढे वाकल्या.

"संदर्भ कळत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "हा मनुष्य रडतोय का?"

"आधीच्या भागात त्याचं कारण आहे," मी म्हणालो.

"मग आधीचा भाग पाहिल्याशिवाय मत देणं योग्य नाही," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या खात्यात असंच चालायचं. आधीचा भाग पाहिला. त्यालाही आधीचा होता. शेवटी पहिल्या भागापासून सुरुवात करायचा ठराव मोठ्या बाईंनी मांडला आणि सेक्रेटरींनी त्याला अनुमोदन दिलं. मी तटस्थ राहिलो, कारण माझं पाहून झालं होतं. तरी पुन्हा बघायला मला अडचण नव्हती.

दर शनिवारी उपसमिती भरू लागली. बाहेर दारावर 'सभा चालू आहे' अशी पाटी. मोठ्या बाई थर्मासमधून चहा आणायच्या. सेक्रेटरी आवाज कमी ठेवायचे, कारण भिंतीपलीकडे महिला मंडळाची प्रार्थना असायची. दर भागानंतर आत्मिक चर्चा व्हायची, हे मी मुद्दाम सांगतो. मामानं मुलांसाठी खोटी साक्ष दिली, ते पाप की नाही, यावर दोघांचं इतकं वाजलं की एक आठवडा ते एकमेकांशी बोलत नव्हते.

"त्यानं पश्चात्ताप केलेला नाही," सेक्रेटरी म्हणायचे.

"वेळ येईल," मोठ्या बाई म्हणायच्या. "मी असली मुलं पाहिली आहेत. उशिरा कळतं त्यांना, पण कळतं."

भाषणाचा विषय कुणी काढत नव्हतं. मीसुद्धा.

असं करत आम्ही ताज्या भागाशी येऊन पोचलो, आणि तो निघाला पुलाचा. त्या जुन्या भागीदारानं मामाला पुलावरून ढकललं. मामा हॉस्पिटलात, बेशुद्ध. काचेपलीकडे दोन्ही मुलं. आता पुढचा भाग आठवडाभरानं. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा न घालता हातातच धरला. मोठ्या बाई थर्मास विसरून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं की प्रार्थनेसाठी कुणाच्या काही विनंत्या आहेत का. एकाची परीक्षा होती, एकाची कंबर. आणि मोठ्या बाई उठल्या. त्यांची रात्रभर झोप झाली नव्हती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

"मामांसाठी प्रार्थना करावी," त्या म्हणाल्या. "पुलावरून पडलेत. बेशुद्ध आहेत. दोन लहान मुलं आहेत पदरात. आणि," इथे त्यांचा आवाज फुटला, "त्यांचं तारण झालेलं नाही."

तारण म्हणजे पापातून सुटका. ती न होताच माणूस जाणार म्हटल्यावर सगळं चर्च हळहळलं.

"अरेरे," पाळकसाहेब म्हणाले. "कुणाचे मामा, बाई?"

तेव्हा मोठ्या बाईंना आपण काय बोललो ते उमगलं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या विद्यार्थ्यासारखं दुसऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बोट दाखवलं.

"यांचे," त्या म्हणाल्या.

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसून बसले होते. त्याच क्षणी उठून खरं सांगायला हवं होतं. पण आमचे पाळकसाहेब मालिकांच्या विरोधात वर्षातून तीनदा उपदेश करतात, आणि त्यातला एक उपदेश माझ्याच आग्रहावरून झाला होता. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

घरी पोचल्यावर बायकोनं आधी दार लावलं. मग म्हणाली, "तुमच्या आईंना भाऊच नव्हता."

"मानलेले मामा," मी म्हणालो.

"कुणी मानलेले?"

मी हात धुवायला गेलो.

पुढचे दिवस मी विसरू म्हणता विसरणार नाही. प्रार्थनेची साखळी सुरू झाली, म्हणजे दिवसातला प्रत्येक तास कुणी ना कुणी वाटून घेतला. महिला मंडळ केक घेऊन आलं आणि माझ्याकडे बघत हळू आवाजात बोललं. मागच्या बाकावर बसणाऱ्या एक म्हाताऱ्या मावशी आहेत, त्यांनी मामांसाठी उपास धरला. खालचे काका जिन्यात भेटले, म्हणाले, "ऐकलं हो मामांचं. मेंदूचे एक डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत." मग थांबले, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि गालातल्या गालात हसत खाली गेले. आणि पाळकसाहेब दुकानात आले.

"ब्रदर, हॉस्पिटल कुठलं? मी जाऊन येतो."

"आत कुणाला सोडत नाहीत."

"पण कुठलं?"

"ते दाखवत नाहीत," मी म्हणालो.

"काय दाखवत नाहीत?"

"रिपोर्ट," मी म्हणालो. "रिपोर्ट दाखवत नाहीत."

पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच, अक्षरांच्या तक्त्यासमोर, डोळे मिटून मामांसाठी प्रार्थना केली. इतकी मनापासून केली की मला रडू आलं. निम्मं शरमेनं आणि निम्मं, खरं सांगतो, मामांसाठी.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघांनी पाटी लावली, कडी घातली आणि श्वास रोखून बसलो. शेवटच्या मिनिटाला मामानं डोळे उघडले. मोठ्या बाई ओढणीत तोंड लपवून रडल्या. सेक्रेटरींनी माझा हात इतका जोरात हलवला की मोबाइल खाली पडला. त्या भरात आमच्यापैकी एकालाही उद्याचा रविवार आठवला नाही.

रविवारी उपासना सुरू झाली आणि मी मागे वळून पाहिलं, तर शेवटच्या बाकावर, मावशींच्या शेजारी, आमची कन्या. कित्येक आठवड्यांनी. बायको माझ्या कानात म्हणाली, "सकाळी आपणहून तयार झाली. म्हणे मामांसाठी येते. कुणी मैत्रिणीनं सांगितलं तिला. पूल काय, गॅरेज काय, मला काही कळलं नाही."

मला सगळं कळलं.

मी सेक्रेटरींना खूण करणार, तेवढ्यात ते उभे राहिले. एवढी आनंदाची बातमी आणि ती आपल्याच खात्याची, त्यांना राहवेना. "मंडळीला कळवण्यास आनंद वाटतो," ते म्हणाले, "की मामा काल शुद्धीवर आले."

चर्च आनंदानं उसळलं. "प्रभूची स्तुती असो," पाळकसाहेब म्हणाले. "ब्रदर, पुढे या. साक्ष द्या."

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. तिथे खोटं बोलत नाहीत. मी पुढे गेलो. समोर सगळे ओळखीचे चेहरे, डोळे पाणावलेले. दोन वाक्यं बोलून उतरता आलं असतं. माझं वडीलपण राहिलं असतं, नाव राहिलं असतं, कुणाला कधी कळलं नसतं. पण शेवटच्या बाकावर ती माझ्याकडे एकटक बघत होती. हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. पप्पा आता काय करतात, एवढंच बघत होती. मी खोटं बोललो असतो, तर ती पोरगी पुन्हा कधी माझ्या शेजारी बसली नसती, हे मला तिथे उभं असताना अगदी स्पष्ट कळलं.

"मला मामा नाहीत," मी म्हणालो. "हे मामा मालिकेतले आहेत."

 मग मी सगळं सांगितलं. भाषण, काकांचा पासवर्ड, तपासणीची खोली. मोठ्या बाई आणि सेक्रेटरींचं नाव मी घेणार नव्हतो, पण मोठ्या बाई स्वतःच उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सेक्रेटरींना कोपरानं उठवलं. "मी ही मालिका जगिक म्हणून पोरांना बंद करायला निघालो होतो," मी म्हणालो, "आणि आता मला शनिवारची वाट बघवत नाही. तुम्ही सगळ्यांनी खोट्या माणसासाठी गुडघे टेकलेत, ते माझ्यामुळे. मला माफ करा."

"म्हणजे माझा उपास फुकट गेला का रे बाबा?" मागून मावशींनी विचारलं.

पाळकसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते थबकले. ते सगळ्यांकडे बघत होते. कुणीच दचकलेलं नव्हतं. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.

"मला एक सांगा," ते हळूच म्हणाले. "हे मालिकेतले मामा आहेत, हे इथे किती जणांना ठाऊक होतं? हात वर करा."

आधी एक हात वर आला, कोरसमधल्या एका मुलाचा. मग महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंचा. मग हात येतच राहिले. निम्म्याहून जास्त चर्च. पूल आणि पदरातली दोन मुलं ऐकल्याबरोबर त्यांनी मामाला ओळखलं होतं. पण ओळखलं म्हणायचं तर बघितलं म्हणावं लागणार, म्हणून एकही जण बोलला नव्हता. सगळ्यांनी गुपचूप आपापला तास घेतला होता आणि प्रार्थना केली होती.

"ठाऊक असून साखळीत बसलात?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"काळजी वाटत होती," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आणि मागून हसू फुटलं. मोठ्यानं, अजिबात न आवरलेलं. ते मी कुठेही ओळखलं असतं. त्यामागे मावशी हसल्या, मग सगळं चर्च. पाळकसाहेबांनी बराच वेळ ओठ दाबून धरले आणि मग तेही हरले.

"नाही मावशी," हसू ओसरल्यावर ते म्हणाले. "फुकट नाही गेला. इथल्या कित्येक माणसांसाठी आपण इतकी कळकळीनं प्रार्थना केली नसेल. याचा मला विचार करावा लागेल." आणि जरा थांबून म्हणाले, "आता ते बरे आहेत ना?"

"शुद्धीवर आलेत," कन्या शेवटच्या बाकावरून म्हणाली, "पण मुलांना ओळखत नाहीयेत अजून."

"अरेरे," चर्च म्हणालं.

कमिटीनं माझ्यावर ठपका ठेवणारा ठराव केला. तो सेक्रेटरींनीच लिहिला आणि स्वतःचं नाव त्यात माझ्या आधी घातलं. भाषण झालं नाही ते नाहीच.

त्या रविवारी आम्ही तिघं चालत घरी निघालो. कोपऱ्यावर वळलो. मग कन्या माझ्या बाजूला आली.

"पप्पा, तुम्हाला वेणीचा सीन आवडला?"

"फार," मी म्हणालो.

"मला माहीतच होतं तुम्ही रडणार." थोडं चालून ती म्हणाली, "पण मला एक पटत नाही. मामानं एवढ्या चोऱ्या केल्या. शेवटी सॉरी म्हणाला की झालं? देव लगेच माफ करणार? मग बाकीच्यांनी नीट वागायचं कशाला?"

यावर माझ्याकडे अख्खं भाषण तयार होतं. मी श्वास घेतला. बायकोनं पलीकडून माझ्याकडे बघितलं.

"मला आज माफी मिळाली, तेव्हा लगेच मिळाली," मी म्हणालो. "का मिळाली ते मला नीट कळलेलं नाही. तुला काय वाटतं?"

तिला पुष्कळ काही वाटत होतं. मामाबद्दल, देवाबद्दल, तरुण संघातल्या त्या एका मुलीबद्दल, ती काय म्हणाली, मग ही काय म्हणाली, मग सगळे कसे गप्प बसले. ती हातवारे करत बोलत होती आणि मी ऐकत होतो. आमचं फाटक आलं. बायको कडी काढायला पुढे झाली. मी तिला हातानंच थांबवलं, आणि आम्ही घरावरून तसेच पुढे गेलो.